डीपफेक फोटो-व्हिडिओ पसरला तर आधी काय करायचं आणि कुठे जायचं

इन्स्टाग्रामवरचा एक साधा फोटो कुणीतरी उचलतं, एखाद्या ॲपमध्ये टाकतं आणि थोड्याच वेळात तोच चेहरा असलेलं नग्न चित्र तयार होतं. यालाच डीपफेक म्हणतात. मग ते कॉलेजच्या ग्रुपवर जातं, तिथून टेलिग्रामवर, आणि घरच्यांना कळेपर्यंत अर्ध्या गावाने पाहिलेलं असतं. जिच्यावर हे ओढवतं ती त्या क्षणी लेख वाचायच्या मनःस्थितीत नसते. वाचते ती बहीण, मैत्रीण, आई किंवा वडील. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांनी पोलीस ठाण्याची पायरी कधी चढलेली नाही असं गृहीत धरून लिहिलेला आहे.

एक गोष्ट सगळ्यात आधी. पहिला दिवस बहुतेक घरांत एकाच कामात जातो: नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, कॉलेजला "हा फोटो खोटा आहे हो" हे पटवून देण्यात. ते करू नका. मजकूर हटवून घेण्यासाठी तो खोटा असल्याचं तुम्ही सिद्ध करावं अशी कायद्याची अट नाही. तिची संमती नव्हती, एवढं सांगणं पुरेसं आहे. खरा असो वा बनावट, असा फोटो संमतीशिवाय पसरवणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी दोनच कामं एकाच वेळी सुरू करा, मजकूर हटवणं आणि तक्रार नोंदवणं. एक संपल्यावर दुसरं असं करू नका.

हटवण्याआधी पुरावा

घाबरून सगळे आधी म्हणतात, "डिलीट कर, डिलीट कर." थांबा. पोस्ट गेली की खातंही बरेचदा गायब होतं आणि मग तपास कुणाचा करायचा हा प्रश्न उरतो.

नुसता स्क्रीनशॉट अपुरा पडतो. पोस्टची लिंक हवी. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा, "कॉपी लिंक" करा आणि ती स्वतःलाच ईमेल करा. खात्याचं वर मोठ्या अक्षरात दिसणारं नाव कोणीही कधीही बदलतं; त्याऐवजी युजरनेम उतरवून घ्या, एकेक अक्षर आणि टिंब तपासून. फोनची स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून आधी प्रोफाइल उघडा, मग खाली सरकत त्या पोस्टपर्यंत जा, कमेंट दाखवा, तारीख दाखवा. एका मिनिटाची ही रेकॉर्डिंग वीस स्क्रीनशॉटपेक्षा जास्त कामाला येते, कारण पोस्ट त्याच खात्यावर होती हे त्यात सलग दिसतं.

व्हॉट्सॲपवर आलं असेल तर ज्या फोनवर आलं तो फोन जपा. चॅट पुसू नका, ग्रुप सोडू नका, फोन रिसेट करू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचं नाव, ग्रुप इन्फोमधली सदस्यांची यादी आणि मेसेजची वेळ टिपून घ्या. हे झालं की ग्रुप ॲडमिनला सांगून तो मेसेज सगळ्यांसाठी पुसून घ्या. ॲडमिनला तसं करता येतं. ॲडमिन "माझ्यावर केस होईल" म्हणून घाबरला असेल तर त्याला धीर द्या. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, त्यात संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

मूळ फोटो शोधणं हे आणखी एक काम, जे फारसं कुणाला सुचत नाही. चेहरा तुमच्या नेमक्या कोणत्या फोटोतून घेतला? तो कधी टाकला होता, कोणाला दिसत होता? खातं खाजगी असेल आणि तो फोटो मोजक्याच लोकांना दिसत असेल, तर संशयितांची यादी तिथेच आखूड होते. हा मूळ फोटो तक्रारीला जोडा.

न्यायालयात डिजिटल पुरावा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. त्याचा नमुना कायद्यातच आहे. एक भाग उपकरण ज्याच्याकडे आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आज ते भरायची घाई नाही. मूळ फोन आणि मूळ फाइल बदल न करता जपणं, हे मात्र आजच करायचं.

मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालील असेल तर

इथे नियम वेगळे आहेत, म्हणून हे पुढे जायच्या आधी वाचा. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यातल्या बाल-अश्लीलतेच्या व्याख्येत २०१९ पासून संगणकाने तयार केलेली आणि फेरफार केलेली चित्रंही येतात. असं चित्र जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाही गुन्हा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये यावर कडक भूमिका घेतली आहे. त्यामुळे "पुरावा म्हणून" ते चित्र मामाला, काकाला, वर्गशिक्षकांना पाठवू नका. लिंक, युजरनेम आणि वेळ कागदावर लिहा, चित्र ज्या फोनवर आलं तो फोन घेऊन थेट पोलिसांकडे जा. शाळेला कळलं असेल तर पोलिसांना कळवणं शाळेवरही बंधनकारक आहे. "शाळेची बदनामी होईल" म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणाऱ्या मुख्याध्यापकांना हे स्पष्ट सांगा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर दिवसरात्र चालतो.

मजकूर हटवणं

ॲपमधलं "रिपोर्ट" बटण दाबा, पण तेवढ्यावर थांबू नका. त्या बटणामागे कंपनीची स्वतःची नियमावली असते. कायद्याचं घड्याळ सुरू होतं ते तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रीव्हन्स ऑफिसरकडे, तक्रार गेल्यावर. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार प्रत्येक कंपनीने या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर व ॲपवर द्यायला हवा. मोठ्या समाजमाध्यमांच्या बाबतीत हा अधिकारी भारतात राहणारा असावा लागतो. कंपनीचं नाव आणि "ग्रीव्हन्स ऑफिसर इंडिया" असं शोधा, ते पान सापडतं.

तक्रारीत नियम ३(२)(बी) चा उल्लेख करा. नग्नता, लैंगिक कृती किंवा दुसऱ्याचं रूप घेतलेला मजकूर, त्यात कृत्रिमरीत्या बदललेल्या प्रतिमाही आल्या, याविषयी खुद्द पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणीही तक्रार केली की कंपनीला तो हटवावा लागतो. "तिच्या वतीने कोणीही" हे शब्द महत्त्वाचे आहेत. तिला स्वतः तो व्हिडिओ पुन्हा पाहत फॉर्म भरायची गरज नाही, ते तुम्ही करा. मूळ नियमांत यासाठी २४ तासांची मुदत होती. २० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती २ तासांवर आणली. एआयने बनवलेल्या मजकुरावर तसा ठळक शिक्का हवा, हेही त्याच दुरुस्तीत आलं.

तक्रारीत लिहायचं ते इतकंच: मी कोण, प्रत्येक पोस्टची वेगळी लिंक, त्यात माझा चेहरा संमतीशिवाय वापरला आहे, मजकूर कृत्रिम आणि लैंगिक स्वरूपाचा आहे, नियम ३(२)(बी) खाली त्वरित हटवा. पाल्हाळ नको. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ जपून ठेवा, कारण पुढे "कंपनीने मुदत पाळली नाही" हे दाखवायला तोच कागद लागतो. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीला जबाबदार न धरण्याचं संरक्षण माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ७९ देतं; मुदत न पाळणाऱ्या कंपनीला ते गमवावं लागू शकतं, आणि या संरक्षणाची कंपन्यांना फार किंमत असते.

उत्तर आलं नाही किंवा "आमच्या नियमांचं उल्लंघन होत नाही" असं छापील उत्तर आलं, तर ३० दिवसांच्या आत ग्रीव्हन्स अपिलेट कमिटीकडे, म्हणजे केंद्र सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे, अपील करता येतं. हे सगळं ऑनलाइन होतं, वकील लागत नाही. पण ही कमिटी निर्णय देईपर्यंत दिवस जातात, म्हणून तिच्या भरवशावर पोलीस तक्रार अडवून धरू नका.

याच्या जोडीला स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग या संकेतस्थळाचा जरूर उपयोग करा. तिथे फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक क्रमांक, हॅश, तयार होतो आणि तो फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट यांसारख्या सहभागी कंपन्यांना दिला जातो. तीच फाइल कोणी पुन्हा टाकू लागलं की ती ओळखू येते. बनावट प्रतिमाही तिथे चालतात. ही सोय १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. लहानांसाठी टेक इट डाउन नावाची अशीच सेवा आहे. टेलिग्रामवर आणि बाहेरच्या अश्लील साइटवर गेलेल्या मजकुराला मात्र याचा फारसा उपयोग होत नाही. तिथे निदान गूगलच्या शोधातून ते निकाल काढून टाका. बनावट अश्लील प्रतिमांसाठी गूगलचा स्वतंत्र अर्ज आहे. नाव टाकल्यावर पहिल्या पानावर ते दिसेनासं होणं, हाही फार मोठा दिलासा असतो.

पोलीस तक्रार

दोन वाटा आहेत. एक, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन हे राष्ट्रीय पोर्टल. तिथे महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. पण निनावी तक्रारीचं पुढे काय झालं हे पाहता येत नाही, म्हणून शक्य असेल तर नावानिशी करा. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हेही लक्षात असू द्या. दुसरी वाट, प्रत्यक्ष ठाण्यात जाणं. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्यात आणि आयुक्तालयात सायबर पोलीस ठाणं आहे, पण गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय सुरू करता येतो तो, नाकारता येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता केलेली नोंद, करून ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. "आमच्याकडे निरीक्षक साहेब नाहीत, उद्या या" हे त्यामुळे ऐकू येतं. तपास उद्या होऊ द्या, नोंद आज करा, असं शांतपणे सांगा.

आता कलमं. भारतात डीपफेकसाठी एकच स्वतंत्र कायदा नाही, असलेल्या कायद्यांतूनच आधार घ्यावा लागतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चं कलम ६७ए इथे सर्वांत भक्कम: लैंगिक कृती दाखवणारा मजकूर प्रकाशित किंवा प्रसारित करणं, पहिल्यांदा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मजकूर तितका उघड नसेल, पण अश्लील असेल तर कलम ६७. ६६सी हे दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल. ६६ई खाजगी अवयवांच्या प्रतिमेबद्दल आहे. पोलीस ते लावतात, पण शरीर दुसऱ्याचं आणि चेहरा तुमचा, तेव्हा बचाव पक्ष तिथे वाद घालू शकतो. म्हणून फक्त ६६ई वर समाधान मानू नका. भारतीय न्याय संहितेतलं ३३६(४), म्हणजे बदनामीसाठी बनावट इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज तयार करणं, हे डीपफेकला अगदी नेमकं बसतं. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याबद्दल कलम ७९. धमकी असेल तर ३५१, पैसे किंवा आणखी काही मागत असेल तर खंडणीचं ३०८. बदनामीचं ३५६ अदखलपात्र आहे, आणि ठाणे अंमलदार फक्त तेवढंच लावून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातात देतात तेव्हा तपास सुरूच होत नाही. जुनं ६६ए कुठे लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१५ मध्येच रद्द केलं. ६७, ६७ए आणि ६६सी ही कलमं स्त्री-पुरुष सर्वांना लागू आहेत. मुलाचा व्हिडिओ बनवला असेल तरी न लाजता जा.

फॉरवर्ड करणाराही सुटत नाही. "मी बनवला नाही, मला आला, मी पुढे पाठवला" हा बचाव होत नाही, कारण कायद्यात शब्द आहे प्रसारित करणं. तक्रारीत फॉरवर्ड करणाऱ्यांचे नंबरही द्या.

अर्ज मराठीत, हाताने लिहिला तरी चालतो. मजकूर साधारण असा:

"प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, … पोलीस ठाणे. मी खाली सही करणारी … लेखी तक्रार देते की, माझ्या इन्स्टाग्राम खात्यावरील दि. … रोजीच्या फोटोतील माझा चेहरा वापरून, माझ्या संमतीशिवाय कृत्रिमरीत्या तयार केलेला अश्लील व्हिडिओ … या खात्यावरून प्रसारित करण्यात आल्याचे मला दि. … रोजी रात्री … वाजण्याच्या सुमारास समजले. सदर व्हिडिओतील शरीर माझे नाही. पोस्टची लिंक, स्क्रीनशॉट, स्क्रीन रेकॉर्डिंग व माझा मूळ फोटो सोबत जोडला आहे. सदर मजकूर हटवण्याबाबत व खातेधारकाची माहिती मिळवण्याबाबत कंपनीस तात्काळ पत्र द्यावे आणि गुन्हा नोंदवून तपास व्हावा, ही विनंती."

शेवटचं वाक्य विसरू नका. खात्यामागचा आयपी पत्ता, ईमेल, फोन नंबर कंपनी फक्त पोलिसांना देते, आणि पत्र जायला उशीर झाला तर ही माहिती पुसली जाण्याचा धोका असतो. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. न्याय संहितेची ७४ ते ७९ ही कलमं लागत असतील तर माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, तसं मागून घ्या. व्हिडिओ पाहिल्यावर कोणी "असे फोटो टाकताच कशाला" म्हणालं, तर तिला उत्तर द्यायला लावू नका. सोबत गेलेल्याने बोलायचं. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत घ्या आणि आधी संपर्क उतरवून घ्या.

ठाण्याने नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, आणि तरीही हालचाल नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. त्यासाठी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

एवढं करून आरोपी सापडतो का? सापडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना हिचा चेहरा ब्रिटनमधल्या एका महिलेच्या व्हिडिओवर लावून फिरवला गेला. दिल्ली पोलिसांनी बनावटीकरणाची कलमं आणि ६६सी, ६६ई लावून गुन्हा नोंदवला आणि जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातून एका तरुणाला पकडलं. फॅन पेजचे फॉलोअर वाढवायला त्याने हे केलं होतं. त्या गदारोळात जिचं शरीर वापरलं गेलं त्या महिलेविषयी फार कमी बोललं गेलं, आणि संमती तर तिचीही घेतलेली नव्हती.

ब्लॅकमेल सुरू असेल तर

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. ब्लॉक करण्याआधी चॅट, नंबर, यूपीआय आयडी, क्यूआर कोड जपा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त. आणि घरात सांगा. ब्लॅकमेलरची सगळी ताकद "घरी कळेल" या भीतीत असते. मुलगी फार खचली असेल, जिवाचं काही बोलत असेल तर तिला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं.

पाठवणारा ऑफिसातला सहकारी असेल तर पोलिसांसोबतच कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करा.

न्यायालय आणि परदेशातले आपले लोक

सचिन तेंडुलकरांना जानेवारी २०२४ मध्ये एका गेमिंग ॲपच्या बनावट जाहिरातीबद्दल स्वतः लोकांना सावध करावं लागलं होतं. आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने आदेश दिले. हे दावे नामवंतांच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचे होते. सर्वसामान्य स्त्रीला जवळचा ठरेल तो दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल: संमतीशिवायचा मजकूर फक्त एका लिंकपुरता न हटवता शोधयंत्रांतूनही काढायला हवा, असं त्यात सांगितलं आहे. वकिलाकडे जाल तेव्हा हा निकाल आठवणीने सांगा.

मुलगी अमेरिकेत शिकत असेल तर तिथे मे २०२५ मध्ये टेक इट डाउन ॲक्ट झाला आहे. तक्रारीनंतर ४८ तासांत मजकूर हटवण्याचं बंधन त्यात आहे. इंग्लंड-वेल्समध्ये असे डीपफेक शेअर करणं ३१ जानेवारी २०२४ पासून गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी कमिशनरकडे थेट तक्रार करता येते. करणारा परदेशात बसलेला असला, पण गुन्ह्यात भारतातला संगणक किंवा नेटवर्क वापरलं गेलं असलं, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७५ मुळे आपला कायदाही लागू होतो.

नंतरचे काही महिने

मजकूर पुन्हा वर येतो, याची मनाची तयारी ठेवा. घरातल्या एकाच माणसाने, तिने स्वतः नव्हे, दर आठवड्याला तिचं नाव आणि मूळ फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून पाहायचं. नवी लिंक दिसली की एका वहीत तारखेसह लिहायची, त्याच दिवशी ग्रीव्हन्स ऑफिसरला जुन्या तक्रारीच्या क्रमांकासह कळवायचं आणि तपास अधिकाऱ्यांना एफआयआरचा क्रमांक घालून लेखी द्यायचं, म्हणजे ती पुरवणी जबाबात येईल. तोंडी सांगून परत येऊ नका. प्रत्येक वेळी पोच घ्या.